वाळूतली रताळी

नांदेड, १६ फेब्रुवारी २०२६

चि. महारुद्र यास अक्काचा आशीर्वाद.

लिफाफ्यावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच बाजूला ठेवशील, ही शक्यता धरूनच लिहीत आहे. आईला तुझ्या रेल्वे क्वार्टरमधून माझ्या घरी आणल्यापासून माझ्या क्रमांकावरून तुला फोन लागत नाही, आणि तू बदली घेऊन काझीपेठला गेल्यापासून भेटही नाही. त्यामुळे मला दुसरा मार्ग उरलेला नाही.

आईला काल संध्याकाळपासून उलट्या आणि जुलाब होत होते. आज सकाळी तिला पूर्णेहून इथे एका खाजगी रुग्णालयात आणले. सलाईन चालू आहे. वयाच्या मानाने ती बरी आहे. काळजी करण्यासारखे काही नाही. कळवणे हे माझे कर्तव्य आहे, म्हणून कळवत आहे.

काल मी दिवसभर घरी नव्हते. परभणीला पुष्पप्रदर्शन होते आणि दरवर्षीप्रमाणे परीक्षणासाठी मला बोलावले होते. गुलाबांचा दर्जा सुमार होता. लोकांना हिवाळ्यात फुले हवी असतात, पण ऑक्टोबरात छाटणी करताना त्यांचा हात कचरतो. मग लांबलचक काड्यांच्या शेंड्याला सुपारीएवढी फुले येतात. एका प्राचार्यांच्या पत्नीने आणलेले डेलियाचे फूल आकाराने सर्वांत मोठे होते. पानांच्या मागच्या बाजूला मावा होता, म्हणून मी ते बाद केले. त्या रागावल्या. पान उलटून पाहण्याची सवय ज्याला नाही त्याने बाग करू नये, असे मी त्यांना चारचौघांत सांगितले. हे तुला का लिहीत आहे ते मलाही नीट उमगत नाही.

इथल्या डॉक्टर प्रियांका तरुण आहेत, बोलण्यात व्यवस्थित आहेत. वृत्तपत्रातले माझे बागेचे सदर त्यांच्या मातोश्री वाचतात, असे कळले. त्यांच्या दारातल्या जाईला कळ्या येत नाहीत. मी त्यांना सांगितले की आपल्या काळ्या मातीत पाणी साचून राहते आणि मुळे गुदमरतात. खड्ड्यात निम्मी वाळू आणि मुरलेले शेणखत घाला, पाणी काही दिवस तोडा, मग हलकी छाटणी करा. त्यांनी ते मोबाईलमध्ये टिपून घेतले. नंतर त्यांनी विचारले की आईने काल काय खाल्ले होते. कामाला येणारी सारजाबाई सकाळी पोळीभाजी करून गेली होती, तेच खाल्ले असणार, असे मी उत्तर दिले.

दुपारी घरी जाऊन आईची पातळे घेऊन आले. कुंड्यांना पाणी घालायचे राहिले.

एक विचारायचे होते. काल महाशिवरात्र होती; तुझ्याकडे असताना आई ती करीत असे का? माझ्या घरी मी तिचे सर्व उपवास बंद केले आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेता येत नाहीत, हे तुला सांगून थकले होते. तिला माझ्याकडे आणण्यामागचे ते एक कारण होते, आणि तो निर्णय योग्यच होता.

अक्षर नेहमीसारखे आलेले नाही. पलंगाच्या कडेवर कागद टेकवून लिहीत आहे.

अक्का

नांदेड, १७ फेब्रुवारी

महारुद्र,

कालचे पत्र मी टपालात टाकले नाही. ते पर्समध्ये आहे. त्यात खोटे असे काही नव्हते, फक्त एक गोष्ट त्यात नव्हती.

तू माझी बाग पाहिलेली आहेस. दक्षिणेच्या कुंपणावर पावसाळ्यात कळलावीचा वेल चढतो. पानांची टोकेच आधाराला विळखा घालतात आणि श्रावणात लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुले येतात. ती पाहायला लोक वसमतहून येतात. हिवाळ्यात वेल वाळतो. तेव्हा कंद उकरायचे, स्वच्छ करायचे, कोरड्या वाळूत थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायचे आणि जूनमध्ये पुन्हा लावायचे. अवजारांच्या खोलीवर पत्रा आहे, फेब्रुवारीतच तापतो. घरातली सर्वांत थंड जागा स्वयंपाकाच्या ओट्याखाली आहे. मी ती थर्मामीटर लावून शोधली होती. टोपली तिथे ठेवली, कांद्याबटाट्यांच्या शेजारी. टोपलीत पाटी खोचली. बागेतल्या प्रत्येक झाडाला असते तशीच पत्र्याची पाटी, त्यावर शास्त्रीय नाव, लॅटिनमध्ये, रोमन लिपीत, नियमाप्रमाणे तिरप्या अक्षरांत. माझ्या पाट्यांत एक अक्षर चुकलेले सापडणार नाही.

आईला रोमन लिपी येत नाही.

काल दुपारी पातळे घ्यायला गेले तेव्हा टोपलीतली वाळू उकरलेली दिसली. पाटी काढून शेजारी भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. गॅसवर लहान पातेले होते, तळाशी पाणी. सारजाबाईने मोगऱ्याच्या आळ्यातून काहीतरी उकरून माझ्यासमोर धरले आणि म्हणाली, "म्हातारीनं हितं काय पुरलंय बगा, बाई." उकडलेला अर्धा कंद होता. चावल्याची खूण होती.

महारुद्र, कळलावीच्या कंदात कॉल्चिसिन असते. मी ते तीस वर्षे शिकवले आहे. प्रयोगशाळेत याच द्रव्याने पेशींचे विभाजन अडवून मी गुणसूत्रे दुप्पट केली आणि मोठ्या पाकळ्यांचा झेंडू काढला. त्यावर मला पदवी मिळाली. आईच्या शरीरात ते आता काय अडवील आणि कोणत्या क्रमाने अडवील, हे या रुग्णालयात माझ्याइतके कुणाला पाठ नसेल. पोट आधी. मग मूत्रपिंडे. मग रक्त.

आणि हे सारे माहीत असताना काल मी परत येऊन डॉक्टरांना जाईच्या छाटणीविषयी सांगितले.

त्यांनी आईने काय खाल्ले असे विचारले तेव्हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. सदर लिहिणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात विषारी कंद बटाट्यांशेजारी ठेवलेले होते, हे वाक्य मी मनात जुळवलेही. ते कितीही नीट जुळवले तरी ते वाक्य माझेच होते. आज सकाळी आईचा रक्तदाब उतरला. ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा मी सांगितले.

डॉक्टर प्रियांकांनी आईचा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी."

त्यांनी कागदावर ते लिहिले. यावर उतारा नाही, असे त्यांनी सांगितले. मला ते माहीत होते. लवकर कळते तर पोटातले काही शोषून घेता आले असते, असे त्या म्हणू लागल्या आणि वाक्य अर्ध्यावर सोडून आत गेल्या. त्यानंतर जाईचा विषय निघालेला नाही.

अक्का

नांदेड, १९ फेब्रुवारी

महारुद्र,

दोन्ही पत्रे अजून पर्समध्येच आहेत. पोस्ट समोरच्या गल्लीत आहे.

आईला अतिदक्षता कक्षात हलवले आहे. मुखपट्टी लावून थोडा वेळ आत जाऊ देतात. उलट्या थांबल्या आहेत, चेहराही काहीसा उजळला आहे. बाहेर बसलेल्या लोकांनी माझे अभिनंदन केले, "वाचली बगा म्हातारी." मी मान हलवली. पोट शांत होऊन माणसाला बरे वाटू लागते, आणि मग रक्त उतरते. हा मधला काळ सर्वांत फसवा असतो. तो संपण्याची वाट पाहण्याइतके भयंकर मी आजवर काही केलेले नाही.

आज ती शुद्धीवर येऊन नीट बोलली. मी विचारले की टोपलीतले का काढलेस. तिने डोळे मिटून घेतले. माझ्याकडे न पाहता बोलली, म्हणून जसे ऐकले तसेच लिहिते.

"राजे, वाळूत रताळी ठिवली व्हतीस नव्हं. ताडकळसला माजी सासू ठिवायची तशी, वाळूत, शिवरातीपत्तुर टिकावीत म्हनून. मला वाटलं, तोंडानं नको नको म्हनतीस, अन् मनातून माज्या उपासाची सोय केलीस. बोलली न्हाईस, एवढंच."

ती पुढे म्हणाली, "एकच उकडलं. लय कडू लागलं. अर्धं मातीत घातलं."

"मातीत का घातलंस? टोपलीत टाकायचं, मला दाखवायचं."

"तू वरडली असतीस."

"आणि संध्याकाळी उलट्या होत होत्या तेव्हा तरी सांगायचंस."

"तवाबी वरडली असतीस."

महारुद्र, कळलावीचे फूल आई लांबून ओळखते. फूल नसताना, माती धुतलेला, बोटाएवढा लांबट कंद वाळूतून निघाला तर तो रताळ्यासारखाच दिसतो. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून सांगत असे. पण मला जी भीती आता वाटते आहे ती कंदाची नाही. त्या संध्याकाळी मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, तिला विचारत होते की काय खाल्लेस, आणि ती माझ्या हाताखाली विष पोटात घेऊन गप्प राहिली, कारण तिला माझी भीती अधिक वाटत होती.

अक्का

नांदेड, २१ फेब्रुवारी

महारुद्र,

पांढऱ्या पेशी उतरल्या. रक्त गोठवणाऱ्या पेशीही. सुई टोचली तिथे काळेनिळे झाले आहे. ताप चढला आहे. आता आत जाऊ देत नाहीत, काचेतून दिसते. तिच्या पायाचा अंगठा पांघरुणाबाहेर आला आहे आणि तो झाकायला मला जाता येत नाही.

सारजाबाई आज गाडीने आली, आईचा गरम कपडा घेऊन. मी बागेविषयी विचारले. पाणी घालते म्हणाली. मग बाकावर बसून तिने मला तिच्या डब्यातली भाकरी दिली आणि म्हणाली, "तुमच्या बागंत खायसारकं कायच न्हाई, बाई. समदं नुसतं बगायसारकं." एरवी मी तिला दहा फळझाडांची नावे ऐकवली असती.

मी तिचा फोन मागून घेतला आणि तुला लावला. तू लगेच उचललास. मागे इंजिनाचा आवाज होता. तू "कोन बोलायलंय?" असे दोनदा विचारलेस. तुझा आवाज बाबांसारखा झाला आहे, हे मला माहीत नव्हते. मी फोन बंद केला.

सारजाबाईने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "भावाला बोलायला काय पाटी लिवून आनायची व्हती का?" असे म्हणून तिने पुन्हा तुला लावला आणि मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितले की म्हातारी लय बेजार हाय, नांदेडला हाय, ड्युटी सोडून या.

तेव्हा आई आजारी आहे हे आता तुला कळले आहे. का आजारी आहे, ते कळलेले नाही. ते या पत्रांत आहे. तू आलास की चारही पत्रे तुझ्या हातात देईन. टपालाने पाठवली असती तर तू वाचत असताना मला दुसरीकडे कुठे तरी असता आले असते. ती सोय मी आता घेणार नाही असे ठरवले आहे, आणि ठरवल्यापासून जिन्यावर पावलाचा आवाज आला की दरवेळी मी पर्समधली पत्रे चाचपून पाहते.

तू येईपर्यंत ती असावी. याहून नीट वाक्य मला सुचत नाही.

अक्का

नांदेड, २८ फेब्रुवारी

महारुद्र,

तू कालच्या गाडीने परत गेलास. तुझ्यासमोर जे बोलता आले नाही ते लिहीत आहे.

तू पत्रे बाकावर बसून, एकेक उलगडून वाचलीस. मी समोर उभी होते. परीक्षेचा निकाल ऐकायला मी आयुष्यात कधी अशी उभी राहिलेले नाही. दुसरे पत्र तू दोनदा वाचलेस. मग चारही घडी करून खिशात ठेवलीस आणि पाणी प्यायला गेलास. मी तुझ्या ओरडण्याची तयारी केली होती. प्रत्येक आरोपाला माझ्याकडे काय उत्तर आहे आणि कशाला नाही, हेही मांडून ठेवले होते. तू ओरडला नाहीस. तीन दिवस माझ्याशी बोललाच नाहीस. काचेपाशी उभा राहून आईला हातवारे करून हसवत राहिलास. तिने मला कधी असे हसून दाखवलेले नाही.

काल ताप उतरला आणि तू निघण्याआधी आपल्याला आत जाऊ दिले. पेशी वर येऊ लागल्या आहेत. डॉक्टर प्रियांका सावधपणे बोलतात, पण त्यांचा चेहरा सैल झाला आहे. आज आईच्या केसांवरून कंगवा फिरवला तर केसांचा पुंजका तसाच हातात आला. मी घाबरले नाही, कारण हे होणार हे मला ठाऊक होते. जे जगतात त्यांचेच केस जातात. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "मंग जाऊ दे. ह्या वयात कुनाला दाकवायचेत?" आणि जरा थांबून, "महारुद्र काय म्हनायलाय? मला घिऊन जातो म्हनला."

निघताना तू माझ्याशी एवढेच बोललास, तेही फाटकापाशी, रिक्षात एक पाय टाकून. "आईला नेतो म्हनलो, अक्का, तर ती तुज्याकडं बगायली. तुला इचारून सांगते म्हनली."

तू शिवी दिली असतीस तर मी ती आजपर्यंत विसरले असते.

अक्का

पूर्णा, ९ मार्च

महारुद्र,

आई घरी आली.

तिला आणण्याआधी मी बाग फिरून पाहिली. कुंपणाला लाल कण्हेर. फाटकापाशी पिवळी बिट्टी, तिच्या बिया लहान मुलांच्या हातात सहज येतात. कोपऱ्यात धोतरा, तो मी पांढऱ्या दुहेरी फुलासाठी मुद्दाम वाढवला. व्हरांड्यात अडेनियम, बैठकीच्या खिडकीत मोठ्या ठिपक्यांच्या पानांचे डिफेनबेकिया. विहिरीवर गुंजेचा वेल. प्रत्येकाला पाटी, प्रत्येक पाटी अचूक. हे सारे मी निवडून, रोपवाटिकांतून मागवून, खत आणि पाणी मोजून वाढवले, आणि त्यातले काय काय पोटात जाऊ नये हे घरातल्या दुसऱ्या माणसाला कळावे असे मला एकदाही वाटले नाही. आता व्हरांड्यातून चालताना माझे हात मी अंगाशी धरून ठेवते. सारजाबाईला म्हणाले की उद्या सगळे उपटून टाकू. आईने आतून ऐकले आणि म्हणाली की फुलांचं काय चुकलं, राहू दे. मग राहू दिले. कळलावीचे कंद मात्र मी स्वतः जाळले, सारजाबाईला लांब उभे करून.

तुला लिहायचे होते ते याविषयी नाही.

आई आता प्रत्येक गोष्ट विचारते. पाणी पिऊ का. दिवा लावू का. खिडकी उघडी ठिवू का. चहात साखर घातली तर चाललं का. तिच्या आवाजात तक्रार नसते, रागही नसतो. वर्गात मुले परवानगी मागायची तशी मागते, आणि मागून झाले की माझ्या तोंडाकडे पाहते. पूर्वीही ती विचारत असली पाहिजे. तेव्हा मला ते शिस्तीसारखे वाटले असेल.

आज दुपारी तिच्यासमोर केळे ठेवले. तिने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "राजे, हे खाऊ का?"

मी ते तिच्या हातातून घेतले, सोलले आणि अर्धे तिच्यासमोर खाल्ले. उरलेले अर्धे तिला दिले. तिने ते धरले, पण तोंडात घातले नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मीही हलले नाही. बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसून होतो. मग म्हणाली, "तुला काय झालं न्हाई. आता खाते." आणि मोजके दात उरलेल्या तोंडाने हसत हसत खाल्ले. ती चेष्टा करीत होती की नव्हती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

येत्या रविवारी तुला सुट्टी असेल तर ये. काझीपेठला यायचे की इथे राहायचे, ते तिला विचार. मी त्या दिवशी सकाळच्या गाडीने परभणीला जाईन आणि संध्याकाळपर्यंत तिकडेच थांबेन, म्हणजे उत्तर देताना ज्याच्याकडे बघावे असे माझे तोंड तिच्यासमोर असणार नाही.

अक्का